मिशिगनचा निकाल ऑगस्टमध्येच लागतो: काँग्रेसच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देणाऱ्यांसाठी

नागरिकत्वाची शपथ झाली, हातात छोटा झेंडा आला, फोटो काढून झाले. हॉलच्या बाहेर बहुतेक वेळा एक टेबल मांडलेलं असतं आणि मागे बसलेली मंडळी मतदार नोंदणीचा अर्ज पुढे करतात. आपण तो भरतो, घरी येतो आणि विसरून जातो. नोव्हेंबरात टीव्हीवर धुरळा उडायला लागला की आठवतं, अरे, आपल्यालाही मत आहे.

तोवर उशीर झालेला असतो. नोंदणीला नव्हे, ती मिशिगनमध्ये शेवटच्या दिवशीसुद्धा करता येते. उशीर होतो तो निवडीला. अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधिगृहात मिशिगनच्या तेरा जागा आहेत. त्यातल्या बऱ्याच जागांचा निकाल ऑगस्टच्या प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीतच, लागलेला असतो, नोव्हेंबरात उरते ती औपचारिकता. हा लेख त्या ऑगस्टसाठी आहे. नोव्हेंबरचंही सांगतो, पण पुढे.

एक खुलासा आधीच करतो. इथे काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, संसद. मी पहिल्यांदा मत दिलं तेव्हा आईने फोनवर विचारलं होतं, "म्हणजे तू तिकडे जाऊन काँग्रेसला मत दिलंस?" आमच्या घरात तो विनोद अजून चालतो.

तेरा जागा म्हणजे काय

प्रतिनिधिगृहात ४३५ जागा. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि त्या जागा राज्यांमध्ये लोकसंख्येप्रमाणे नव्याने वाटल्या जातात. मोटारींचे कारखाने जोरात होते त्या काळात, म्हणजे १९६० आणि १९७० च्या जनगणनांनंतर, मिशिगनला १९ जागा होत्या. पुढे लोक दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे सरकत गेले आणि जागा गळत गेल्या. २०२० च्या जनगणनेनंतर १४ च्या १३ झाल्या. राज्याची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, म्हणून प्रत्येक मतदारसंघात साधारण ७ लाख ७५ हजार माणसं. हा आकडा सगळीकडे जवळजवळ तंतोतंत सारखा ठेवावा लागतो. आपल्याकडे एक लोकसभा मतदारसंघ दुसऱ्याच्या दीडपट असला तरी कोणाला फारसं आश्चर्य वाटत नाही. इथे त्यावरून कोर्टात जातात.

मुदत दोन वर्षांची. सम वर्षाच्या नोव्हेंबरात तेराच्या तेरा जागा एकाच दिवशी निवडणुकीला उभ्या राहतात. पोटनिवडणूक सोडली तर अधेमधे काही नाही.

हद्दी कोण आखतं, हे समजून घेण्यासारखं आहे. पूर्वी राज्याचं विधिमंडळ आखायचं, म्हणजे ज्याची सत्ता त्याची कात्री. २०१८ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी जनमत घेऊन ते काम काढून घेतलं आणि १३ सामान्य नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे दिलं: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कोणत्याच पक्षाशी बांधील नसलेले. त्यांनी आखलेला नकाशा २०२२ पासून लागू आहे. २०२५ मध्ये टेक्सासने मुदतीआधीच नकाशा बदलला, त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियानेही बदलला, तेव्हा मिशिगनमध्ये तसं काही होऊ शकलं नाही, कारण कात्रीच राजकारण्यांच्या हातात नाही. आयोगाचंही सगळं निर्दोष नव्हतं. डेट्रॉईट भागातले त्यांनी आखलेले राज्य विधिमंडळाचे १३ मतदारसंघ २०२३ च्या डिसेंबरात फेडरल कोर्टाने रद्द ठरवले. काँग्रेसच्या नकाशाला मात्र त्या निकालाने हात लागला नाही.

आपला मतदारसंघ शोधा

शहराच्या नावावरून अंदाज बांधू नका. ग्रँड रॅपिड्स म्हणजे तिसरा, ॲन आर्बर सहावा, लॅन्सिंग सातवा, फ्लिंट आठवा, डिअरबॉर्न बारावा, आणि वरचा अख्खा अप्पर पेनिन्सुला पहिल्यात, इतकं ढोबळ सांगता येतं. पण डेट्रॉईट शहरच बाराव्या आणि तेराव्यात विभागलेलं आहे. उपनगरांत तर एका सबडिव्हिजनमध्ये राहणारे दोन मित्र वेगवेगळ्या खासदारांचे मतदार असू शकतात. म्हणून पत्ता टाकूनच बघायचं. 'मिशिगन वोटर इन्फॉर्मेशन सेंटर' हे राज्याचं अधिकृत संकेतस्थळ आहे. तिथे नाव, जन्माचा महिना-वर्ष आणि पिनकोड टाकला की तुमची नोंदणी, तुमचं मतदान केंद्र आणि निवडणूक जवळ आली असेल तर नमुना मतपत्रिकाही दिसते.

इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. नोंदणी झाली की घरी एक कार्ड येतं, त्यावर तीन-चार वेगवेगळे डिस्ट्रिक्ट क्रमांक असतात. एक काँग्रेसचा, १ ते १३ मधला. दुसरा राज्याच्या सिनेटचा, ३८ पैकी. तिसरा राज्याच्या प्रतिनिधिगृहाचा, ११० पैकी. शिवाय काउंटी कमिशनरचा. आपल्या भाषेत सांगायचं तर खासदार, आमदार आणि जिल्हा परिषद सदस्य यांचे गट एकाच कार्डावर छापलेत, आणि सगळ्यांना नाव एकच, डिस्ट्रिक्ट. कोणी "मी तुमच्या डिस्ट्रिक्टमधून उभा आहे" असं म्हणत दारात आला, तर कुठल्या, हे आधी विचारा.

नोंदणी, आणि ज्यांनी ती करूच नये

मत फक्त अमेरिकन नागरिकाला. ग्रीन कार्ड असलेल्याला नाही, एच-१बी वाल्याला तर नाहीच. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घोळ होतो तो लायसन्सच्या खिडकीवर. मिशिगनमध्ये गाड्यांची लायसन्सं आणि निवडणुका दोन्ही सेक्रेटरी ऑफ स्टेट या एकाच खात्याकडे आहेत आणि पात्र माणसाची नोंदणी लायसन्सबरोबर आपोआप होते. नागरिक नसाल तर नागरिकत्वाच्या प्रश्नाचं उत्तर न वाचता देऊ नका. चुकून नोंदणी झाली आणि पुढे चुकून मतही दिलं, तर नागरिकत्वाचा अर्ज बाद होण्यापासून देशाबाहेर काढलं जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. "मला माहीत नव्हतं" हे तिथे चालत नाही. नोंदणी झाल्याचं लक्षात आलं तर ताबडतोब वकिलाशी बोला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका.

नागरिक असाल तर काम सोपं. मतदानाच्या दिवशी १८ वर्षं पूर्ण हवीत आणि त्या शहरात किंवा टाऊनशिपमध्ये ३० दिवसांचा रहिवास हवा. मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत ऑनलाइन, टपालाने, कशीही नोंदणी करता येते. शेवटच्या १४ दिवसांत मात्र स्वतः क्लार्कच्या कार्यालयात जावं लागतं आणि राहण्याचा पुरावा दाखवावा लागतो: लायसन्स, विजेचं बिल, बँकेचं स्टेटमेंट, असं काही. हे मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत चालतं. घर बदललं असेल तर लायसन्सवरचा पत्ता बदला, मतदार नोंदणी त्याच्याबरोबर सरकते. दोन्ही पत्ते एकच असावे लागतात.

हा क्लार्क कोण, हेही सांगायला हवं, कारण पुढे त्याचं नाव वारंवार येणार आहे. आपल्याकडे निवडणूक म्हटलं की निवडणूक आयोग, आचारसंहिता, कलेक्टर कचेरी. इथे देशभराची निवडणूक घेणारा असा एकच आयोग नाही. मिशिगनमध्ये दीड हजारांच्या वर शहर आणि टाऊनशिप क्लार्क आहेत आणि प्रत्यक्ष निवडणूक तेच घेतात. लहान टाऊनशिपमध्ये हे कार्यालय म्हणजे दोन टेबलं आणि एक काउंटर. फोन केला तर माणूस उचलतो. शंका असेल तर त्यांनाच विचारा.

आता ऑगस्ट

आपल्याला सवय काय, तिकीट पक्षश्रेष्ठी वाटतात. कोणाला मिळालं, कोणाचं कापलं, कोण रुसून अपक्ष उभा राहिला, हे आपण पेपरात वाचतो. आपला सहभाग त्यानंतर सुरू होतो. मिशिगनमध्ये दोन मोठ्या पक्षांचं तिकीट मतदार देतात. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी. २०२६ मध्ये ही तारीख ४ ऑगस्ट आहे.

त्यासाठी पक्षाचं सदस्य असावं लागत नाही. मिशिगनमध्ये मतदार नोंदणीत पक्ष लिहिलेलाच नसतो. मतपत्रिकेवर दोन रकाने शेजारी शेजारी असतात, एक डेमोक्रॅटिक, एक रिपब्लिकन. यातला कोणताही एक निवडायचा आणि त्याच्यातच राहायचं. तुम्ही कोणता निवडला हे कोणाला कळत नाही, आणि दोन वर्षांनी दुसरा निवडायलाही मोकळे असता.

"त्याच्यातच राहायचं" हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. माझी पहिली प्रायमरी. सुशिक्षित माणूस, घरून अभ्यास करून गेलेला. काँग्रेससाठी मला डाव्या रकान्यातला एक जण पटला होता आणि काउंटीच्या एका पदासाठी उजव्या रकान्यातला. दोघांच्या नावापुढचे गोल नीट काळे केले आणि पत्रिका यंत्रात सरकवली. यंत्राने ती गिळली, क्षणभर थांबलं आणि परत बाहेर ढकलली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. शेजारच्या आजीबाईंनी पत्रिकेकडे न बघता, अगदी सवयीच्या सुरात सांगितलं की तुम्ही दोन्ही पक्षांत खुणा केल्या आहेत, अशीच टाकलीत तर पक्षाच्या भागातली सगळी मतं बाद होतील. नवी पत्रिका हवी का? मी कानापर्यंत लाल होऊन होय म्हटलं. जुनीवर रद्दचा शिक्का बसला, नवी मिळाली.

केंद्रावर यंत्र सांगतं म्हणून बचावलो. हीच चूक घरून टपाली मत देताना केली असती तर सांगणारं कोणी नसतं. पाकीट बंद, मतं बाद. पक्षविरहित भाग तेवढा वाचतो. त्यात बहुधा शाळा, ग्रंथालय, अग्निशमन यांच्यासाठी मालमत्ता कर वाढवायचा की नाही असे प्रस्ताव असतात. इथे त्याला मिलेज म्हणतात. कोणताही रकाना निवडलात तरी मिलेजवर मत देता येतं. घर घेतलं असेल तर ते वाचूनच या, खिशाशी थेट संबंध आहे.

आता प्रायमरी इतकी महत्त्वाची का. तीन उदाहरणं सांगतो, तिन्ही २०२२ ची.

तेरावा मतदारसंघ. डेट्रॉईटचा मोठा भाग, डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. प्रायमरीत नऊ उमेदवार. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २८ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन पहिले आले. तिथे उमेदवारी मिळाली की नोव्हेंबरात पडणं अवघडच, ते सहज निवडून आले. मराठी माणूस अमेरिकन संसदेत गेला म्हणून आपल्याकडे कौतुक झालं आणि ते साहजिक आहे. पण डेट्रॉईटच्या बाजूनेही बघा. बाकीच्या उमेदवारांत बहुतेक कृष्णवर्णीय होते, त्यांच्यात मतविभागणी झाली. १९५० च्या दशकापासून पहिल्यांदाच त्या शहरातून एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये गेला नाही. त्याची खंत तिथे आजही ऐकू येते. दहापैकी सात मतदारांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिलं होतं, पण इथे दुसरी फेरी नाही. ज्याला सगळ्यात जास्त, त्याला तिकीट.

अकरावा मतदारसंघ, ओकलंड काउंटीतला. राज्याची एक जागा कमी झाल्यामुळे हेली स्टीव्हन्स आणि अँडी लेव्हिन हे एकाच पक्षाचे दोन विद्यमान खासदार समोरासमोर आले. स्टीव्हन्स जिंकल्या. लेव्हिन यांची खासदारकी ऑगस्टमध्येच संपली, नोव्हेंबरच्या पत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं.

तिसरा मतदारसंघ, ग्रँड रॅपिड्स. रिपब्लिकन खासदार पीटर मायर यांनी ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने मत दिलं होतं. प्रायमरीत जॉन गिब्स यांनी त्यांना हरवलं. नोव्हेंबरात गिब्स हरले आणि डेमोक्रॅट हिलरी शोल्टन निवडून आल्या. मायर टिकले असते तर काय झालं असतं, यावर तिथले लोक अजून वाद घालतात.

प्रायमरीला नोव्हेंबरच्या मानाने बरेच कमी लोक येतात. म्हणजे प्रत्येक मताचं वजन वाढतं. आणि त्या कमी येणाऱ्यांत आपली मंडळी आघाडीवर असतात, कारण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपण कुठे असतो? पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात. मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या, स्वस्तातली तिकिटं, आई-बाबांचे डोळे लागलेले. निम्मी मराठी वस्ती भारतात.

भारतात जाणार असाल तर

टपाली मतदानाला मिशिगनमध्ये कारण सांगावं लागत नाही. मतपत्रिका मतदानाच्या ४० दिवस आधी तयार असते. ४ ऑगस्टची प्रायमरी धरली तर २५ जून. तुमचं विमान जुलैमध्ये असेल तर सगळ्यात सोपा मार्ग असा: जूनच्या शेवटच्या आठवड्यात ओळखपत्र घेऊन क्लार्कच्या कार्यालयात जा, काउंटरवर अर्ज भरा, पत्रिका घ्या, तिथेच भरा, पाकिटावर सही करा आणि तिथेच देऊन टाका. एखाद्या दुपारी, बॅगा भरता भरता होणारं काम आहे.

कायमच्या टपाली यादीत नाव घातलं तर दर निवडणुकीला पत्रिका आपोआप घरी येते. सोय चांगली, पण तुम्ही भारतात असाल तर ती घरच्या पेटीत, नाहीतर पोस्टाच्या 'होल्ड'मध्ये पडून राहते आणि तुम्ही परत येता तेव्हा ८ ऑगस्ट उजाडलेली असते. भरलेली पत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत क्लार्ककडे पोचलेली हवी. त्या दिवशी टपालात टाकून चालत नाही. परदेशात राहणाऱ्या नागरिकांसाठी आणि सैनिकांसाठी नियम थोडे सैल आहेत, वर्षभरासाठी भारतात गेला असाल तर क्लार्कला तसं सांगून वेगळा अर्ज करा.

घरून भरत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात, तेव्हा घाईत केलेली वेडीवाकडी सही नको. दुसरं, नवरा-बायकोने एकाच टेबलावर बसून पत्रिका भरल्या की पाकिटांची अदलाबदल ठरलेली. आधी नाव बघा, मग सही करा. परतीच्या टपालाचा खर्च राज्य करतं. शेवटच्या आठवड्यात मात्र टपालाच्या भरवशावर न राहता शहरातल्या अधिकृत ड्रॉप बॉक्समध्ये टाका. तुमच्या घरातलं कोणीही ते नेऊन टाकू शकतं. शेजारच्या काकांनी सगळ्या गल्लीची पाकिटं गोळा करणं मात्र बेकायदा आहे.

टपाल नको आणि मंगळवारची रांगही नको, तर लवकर मतदान आहे. मतदानाच्या आधीच्या दुसऱ्या शनिवारपासून आदल्या रविवारपर्यंत, किमान नऊ दिवस, रोज किमान आठ तास. दोन शनिवार-रविवार त्यात येतात. २०२२ मध्ये लोकांनी घटनादुरुस्ती करून ही सोय मिळवली आणि २०२४ पासून ती राज्यभर सुरू आहे.

नोव्हेंबरची लांबलचक पत्रिका

भारतात एक बटण दाबून दोन मिनिटांत बाहेर येणाऱ्या माणसाला ही पत्रिका बघून धडकी भरते. कागद मोठा, दोन्ही बाजूंनी छापलेला. वरून खाली: गव्हर्नर किंवा अध्यक्ष, वर्ष असेल त्याप्रमाणे सिनेटर, मग काँग्रेसचा प्रतिनिधी, मग राज्याचं विधिमंडळ, काउंटी, टाऊनशिप. मध्येच विद्यापीठांची संचालक मंडळंही येतात. मिशिगन विद्यापीठ, मिशिगन स्टेट आणि वेन स्टेट, या तिन्हींची मंडळं जनता निवडते. मुलांच्या फीवरून आपण जन्मभर कुरकुर करतो, आणि ती ठरवणाऱ्यांची नावं आली की रकाना कोरा सोडून पुढे जातो.

सगळ्यात वर एक चोरवाट असते: एकाच पक्षाला सरसकट मत. तो एक गोल काळा केला की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. हरकत नाही, पण न्यायाधीश आणि प्रस्ताव त्यात येत नाहीत, ते मागच्या बाजूला असतात. पान उलटायला विसरू नका. आणि सरसकट मत देण्याआधी एवढं लक्षात घ्या की मिशिगनचा मतदार स्वतः तसा वागत नाही. २०२४ मध्ये याच राज्याने अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना सुमारे ८० हजारांची आघाडी दिली आणि त्याच दिवशी, त्याच कागदावर, सिनेटसाठी डेमोक्रॅट एलिसा स्लॉटकिन यांना सुमारे १९ हजारांनी निवडून दिलं.

खरी चुरस असलेले मतदारसंघ मोजके. लॅन्सिंगचा सातवा: स्लॉटकिन सिनेटला गेल्या, जागा मोकळी झाली आणि २०२४ मध्ये रिपब्लिकन टॉम बॅरेट यांनी ती जिंकली. फ्लिंट-सॅगिनॉचा आठवा: डॅन किल्डी निवृत्त झाले, पण क्रिस्टन मॅकडोनाल्ड रिव्हेट यांनी तो डेमोक्रॅटिक पक्षाकडे राखला. मॅकोंबचा दहावा: २०२२ मध्ये जॉन जेम्स यांनी कार्ल मार्लिंगा यांना जेमतेम १,६०० मतांनी हरवलं. सव्वातीन लाख मतांत १,६००. वॉरन, स्टर्लिंग हाइट्स, रोचेस्टर हिल्स या भागात राहत असाल तर "माझ्या एका मताने काय होतंय" हे तुम्ही तरी म्हणू नका. राज्याचा हिशेब २०२२ मध्ये ७ डेमोक्रॅट आणि ६ रिपब्लिकन असा होता. २०२४ मध्ये तो बरोबर उलटा झाला, आणि तेरांपैकी पक्ष बदलला तो एकट्या सातव्याने.

मतदानाच्या दिवशी

सकाळी ७ ते रात्री ८. आठ वाजता रांगेत उभे असाल तर मत देऊनच बाहेर पडता. केंद्र बहुधा शाळेत किंवा चर्चमध्ये. फोटोचं ओळखपत्र मागतात, जवळ नसेल तर एका प्रतिज्ञापत्रावर सही करून मत देता येतं. तेव्हा पाकीट घरी राहिलं म्हणून परत फिरू नका. उमेदवाराची टोपी, टी-शर्ट, बिल्ला घालून जाऊ नका. केंद्राच्या दारापासून १०० फुटांच्या आत प्रचार चालत नाही आणि टोपी हाही प्रचारच.

आई-बाबा नागरिक झाले असतील आणि इंग्रजी वाचायला अडखळत असतील, तर मदतीला आपल्या पसंतीचं माणूस आत नेण्याचा हक्क त्यांना आहे. फक्त ते माणूस त्यांचा मालक किंवा युनियनचा प्रतिनिधी नको. मराठी मतपत्रिका नाही. डेट्रॉईटला चिकटून असलेल्या हॅमट्रॅम्क शहरात बंगाली मतपत्रिका मिळते, कारण तिथे बांगलादेशी वस्ती कायद्याने ठरवलेल्या प्रमाणाच्या वर गेली. आपण विखुरलेले, तेवढे एका ठिकाणी कधी जमणार.

बोटाला शाई लावत नाहीत. स्टिकर देतात. २०२४ मध्ये राज्याने स्टिकरची स्पर्धा घेतली आणि लोकांनी निवडला तो अंगातला शर्ट टराटरा फाडणारा लांडगामाणूस, मागे अमेरिकेचा झेंडा. मूळ चित्र एका शाळकरी मुलीचं. आमच्या फ्रिजवर तो अजून आहे.

रात्रीचे आकडे कसे वाचायचे

रात्री "अमका जिंकला" म्हणून जाहीर होतं ते वृत्तसंस्थांचं अनुमान असतं, सरकारी निकाल नव्हे. टपाली मतांची मोजणी मोठ्या शहरांत उशिरा संपते, म्हणून अकरा वाजता पुढे असलेला माणूस पहाटे मागे पडू शकतो. त्यात काळंबेरं शोधू नका, कोणत्या भागाचे आकडे यायचे राहिलेत ते बघा. अधिकृत शिक्कामोर्तब प्रत्येक काउंटीचं चार जणांचं मंडळ करतं, दोन एका पक्षाचे, दोन दुसऱ्याचे, आणि त्यानंतर राज्याचं तसंच मंडळ. त्याला दोन-तीन आठवडे जातात.

मत नसेल तरी

अजून व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर काय चालतं आणि काय नाही, हे नीट माहीत हवं. प्रचारात विनामोबदला स्वयंसेवक म्हणून फोन करणं, पत्रकं वाटणं दोघांनाही चालतं. देणगी मात्र फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. एच-१बी वाल्याने एक डॉलरही देऊ नये, बायको नागरिक असली तरी तिच्या नावावर आपले पैसे तर मुळीच नाही. मर्यादा २०२५-२६ साठी एका उमेदवाराला एका निवडणुकीमागे ३,५०० डॉलर, आणि प्रायमरी व नोव्हेंबर या दोन निवडणुका धरल्या जातात. २०० डॉलरच्या वर गेलात की नाव, पेशा आणि नोकरीचं ठिकाण सगळ्यांना दिसतं. कोणी कोणाला किती दिले, हे मंडळातल्या हौशी मंडळींनी केव्हाच शोधून ठेवलेलं असतं.

शेवटची एक गोष्ट नागरिकांसाठी, आणि ती ऑगस्टच्याही आधीची. वसंत ऋतूत देवळाबाहेर, मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी क्लिपबोर्ड घेऊन येतं: "उमेदवारीसाठी सही द्या." मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला काँग्रेसच्या प्रायमरीत उतरायला किमान १,००० वैध सह्या लागतात, आणि "वैध" हा शब्द फार कडक आहे. २०२४ मध्ये तेराव्या मतदारसंघात ठाणेदारांविरुद्ध उतरलेले ॲडम हॉलियर दीड हजारांवर सह्या घेऊन गेले होते. तपासणीत हजारही उरल्या नाहीत, नाव पत्रिकेवरून गेलं. २०२२ मध्ये बनावट सह्यांपायी गव्हर्नरपदाचे पाच रिपब्लिकन उमेदवार असेच बाद झाले होते. तेव्हा सही द्यायची तर नोंदणीतलं नाव, नोंदणीतला पत्ता, शहर की टाऊनशिप ते बरोबर, आणि सही केल्याची तारीख लिहा. एका जागेसाठी एकाच उमेदवाराला सही द्या. आणि बायको गाडीत बसली आहे म्हणून तिची सही आपण ठोकून देऊ नका, तिला खाली बोलवा.